मंचावरील सर्व मान्यवर

उरलेल्या महाराष्ट्रात वर्षाकाठी तीन झेंडे. आमच्या मराठवाड्यात चार. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या हातून सुटलं, त्यामुळे २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला जोडून मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजारोहण आम्हाला जास्तीचं मिळतं. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेऊन गाव त्या सकाळी सावधान उभं राहतं आणि सर माईकपुढे उभे राहतात. चौथ्या झेंड्याचा खरा फायदा कुणाला झाला असेल तर तो सरांना.

सर म्हणजे तालुक्याच्या गावचे सूत्रसंचालक. अहमदपूर, चाकूर, लोहा, कंधार, मुखेड, गाव कोणतंही घ्या, तिथं एक सर असतातच. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकावर असतं, गावाला ते ठाऊक नसतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, नाहीतर त्या बेताला आलेले. बदामी नेहरू शर्ट, वर जाकीट, खिशाला दोन पेनं. एक स्वतःला लिहायला, दुसरं प्रमुख पाहुण्यांना अभिप्रायाच्या वहीत सही करायला द्यायचं. ते पाहुण्यांसोबत जातं, म्हणून ते कधीच चांगलं नसतं.

काखेत कुठल्याशा पतसंस्थेनं दिवाळीला वाटलेली रेक्झिनची डायरी. तिच्यात चारोळ्या, शेर आणि सुविचार विषयवार लावलेले: आई, माती, मैत्री, गुरुजन, पाऊस, निरोप. निरोपाचं पान सगळ्यांत मळलेलं, कारण आमच्याकडे साहेबांच्या बदल्या फार. पावसाचं पान कोरं करकरीत.

पत्रिकेत वेळ सकाळी दहाची. सर पावणेदहाला हजर. त्या वेळी मंडपात सौंडवाल्याचं पोरगं असतं आणि सावलीला आलेली दोन कुत्री. सर माईकवर बोट वाजवतात. ‘‘बेस कमी कर बाबू, शब्द गिळूलालाय माईक.’’ मग पाहुण्यांच्या पीएला फोन. पलीकडून येणारी भाषा फक्त सरांना कळते. ‘निघालेत’ म्हणजे आंघोळीला निघालेत. ‘जवळच आहेत’ म्हणजे गाडीत बसलेत. आणि ‘आलेच’ म्हणजे मधल्या गावी कुणाच्या तरी तेरवीला थांबलेत. त्या हिशेबानं शाळेच्या पोरींनी स्वागतगीत दोनदा म्हणायचं की तीनदा, हे सर ठरवतात. समई पेटवायची वेळ येते तेव्हा वारा सुटतो, वात कोरडी निघते, काडेपेटी कुणाच्याच खिशात नसते. सर शांत असतात. दीपप्रज्वलनाच्या त्यांच्याकडे अकरा चारोळ्या आहेत. वात पेटेपर्यंत साधारण आठ लागतात.

इथपर्यंतचं काम शिकून कुणालाही जमेल. जमत नाही ते नावं घेणं.

तालुक्याच्या गावात आजी आमदार एक असतो, माजी दोन-तीन असतात आणि फ्लेक्सवरचे भावी पाच-सहा तरी. शिवाय बाजार समितीचे सभापती, त्यांच्याशी न बोलणारे उपसभापती, साखर कारखान्याचे संचालक, ज्यांच्या गुत्त्यावर मंडप उभा आहे ते गुत्तेदार, सरपंच ताई आणि ताईंच्या आधी खुर्चीत जाऊन बसलेले सरपंचपती. यांतल्या एकाचं नाव दुसऱ्याच्या आधी गेलं की तिसरा उठून जातो. जाताना आपली माणसं घेऊन जातो आणि मंडप अर्धा होतो. हा नकाशा कुठं लिहिलेला नाही, तो सरांच्या डोक्यात आहे. काल रात्री कोण कुणाच्या गटात गेलं, हे त्यांना सकाळी दूधवाल्याकडून कळलेलं असतं. दोन वैरी एकाच मंचावर आले तर सर एकाच श्वासात दोन्ही नावं घेतात आणि मध्ये ‘तितकेच आदरणीय’ घालतात. या ‘तितकेच’नं आमच्याकडे निवडणुकीच्या वर्षात किती डोकी वाचवली, याचा हिशेब पोलीस ठाण्यातही नसेल.

आणि तरी चिठ्ठी येते.

प्रमुख पाहुणे रंगात आलेत, शेतमालाच्या भावावर बोलतायत, सोयाबीनपाशी अडकलेत, आणि मंडपाच्या कडेनं वाकत वाकत एक कार्यकर्ता मंचाशी येतो. पावतीच्या पाठीमागं लिहिलेली, चार घड्या घातलेली चिठ्ठी: ‘मा. चेअरमन साहेबांचे नाव राहिले.’ सर उठतात. पाहुण्यांच्या कोपराला दोन बोटं लावतात. ‘‘एक मिनिट साहेब.’’ पाहुणे थांबतात. आमच्याकडे मंत्रीसुद्धा थांबतात. सर चेअरमन साहेबांचं नाव अशा थाटात घेतात की ते राहिलं नव्हतं, मुद्दाम मागं ठेवलं होतं, असं चेअरमनना वाटावं. सोयाबीन पुन्हा सुरू होतं. दुसरी चिठ्ठी: एमएच २४, पांढरी जीप, रस्त्यात आडवी. सर तीही वाचतात, ‘‘ज्या मान्यवरांची ही गाडी असेल त्यांनी कृपया…’’ कारण पांढरी जीप साध्या माणसाची नसते. तिसरी चिठ्ठी आचाऱ्याकडून आलेली असते. ती सर वाचत नाहीत, घडी करून पाहुण्यांसमोर ठेवतात. पाहुणे ‘शेवटी एवढंच सांगतो’ म्हणतात आणि पुढं पंधरा मिनिटं बोलतात.

माझं मत विचाराल तर लोक भाषणं ऐकायला येतच नाहीत. विधानसभा आणि लोकसभा गाजवून पुन्हा मन्याडच्या खोऱ्यात येऊन त्याच दमात बोलणारे कंधारचे भाई केशवराव धोंडगे ज्या भागानं ऐकलेत, त्या भागाला ऐऱ्यागैऱ्या वक्त्याचं काय अप्रूप! लोक येतात ते आपलं नाव ऐकायला. भोंग्यातून, गावासमोर, मागं-पुढं विशेषण लावून. हे ओळखणारा गावात एकच माणूस आहे, आणि आपण त्याला हसतो.

हसण्यासारखं तो करतोही म्हणा. मे महिन्यातलं लग्न घ्या. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. दोन वाजलेले. अंतरपाटाच्या अल्याड-पल्याड नवरानवरी, पाठीशी मामा, मुंडावळ्या घामानं कपाळाला चिकटलेल्या, आणि सर ‘आशीर्वादपर दोन शब्दांसाठी’ सातवं नाव पुकारतायत. मागून एक म्हातारा ओरडतो, ‘‘ओ सर, अक्षदा भिजून भात व्हायलाय इथं!’’ सर म्हणतात, ‘‘आजोबांनी फार मोलाची सूचना केली,’’ आणि आठवं नाव घेतात.

आमच्याकडे राख सावडायच्या दिवशीही श्रद्धांजलीची भाषणं होतात. तिथं सर डायरी नेत नाहीत. माईक नसतो, आवाज खालच्या पट्टीत, क्रम मात्र तोच, आजी, माजी, भावी. एकदा सवयीनं ‘जोरदार टाळ्यांनी…’ एवढं तोंडातून निघून गेलं. माणसं दचकली. सरांनी श्वास घेतला आणि वाक्य वळवलं: ‘‘…टाळ्यांनी ज्यांचं या गावानं आयुष्यभर स्वागत केलं, ते अण्णा आज आपल्यात नाहीत.’’ बायकांना हुंदका आवरेना. अण्णांसाठी हयातीत कुणी टाळी वाजवल्याचं मला आठवत नाही, पण त्या दिवशी सगळ्यांना आठवलं.

अखंड हरिनाम सप्ताहात सरांचं फार चालत नाही. तिथं पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काला. सगळं पिढ्यान् पिढ्या बसलेलं, त्यात चारोळीला फट नाही. कीर्तनकार महाराजांना परिचय नको असतो, टाळकऱ्यांना माईक हवा असतो. सरांकडे उरतात त्या देणग्या. कुणाचं एक पोतं साखर, कुणाची एका दिवसाची पंगत, कुणाचे पाच हजार एक, आणि शेवटी कुण्या म्हातारीनं कनवटीचे काढून दिलेले एक्कावन्न. मी नीट कान देऊन ऐकलंय. पाच हजारांना आणि एक्कावन्नाला सरांची पट्टी एकच असते, ‘श्रीमती’ तेवढाच लांब आणि ‘यांजकडून’ तेवढंच ठळक. म्हातारी पदराआड हसते. हे पुण्या-मुंबईच्या निवेदकांना शिकवायला हवं.

माळेगावच्या यात्रेत त्यांची दोन रूपं दिसतात. खंडोबाच्या या यात्रेला गाढवं, घोडे, उंट विकायला येतात, कुस्त्यांची दंगल होते, जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव असतो. लावणीच्या मंचावर सरांची चारोळी शिट्ट्यांत बुडते. तिकडं ते एकदाच गेले. पशुप्रदर्शनात मात्र त्यांची वाणी फुलते. लाल कंधारी वळू आला की ‘मन्याड खोऱ्याचं भूषण’, देवणी आली की ‘लातूर जिल्ह्याची शान’. वळूसारखा सत्कारमूर्ती नाही, असं सर खासगीत सांगतात. आपला परिचय चालू असताना तो शेजाऱ्याशी कुजबुजत नाही, मोबाइल बघत नाही, आणि उत्तरादाखल भाषण करत नाही.

२०२२ च्या एप्रिलात, २२ ते २४ तारखांना, उदगीरला पंच्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. भारत सासणे अध्यक्ष. त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही संमेलनही. लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांतले झाडून सगळे सर तिथं, आणि सगळे खाली, श्रोत्यांत! वरून ‘यानंतर मी आमंत्रित करतो’ असं आलं की मंडपभर ओठ हलायचे. आमच्या सरांना विचारलं, निवेदन कसं वाटलं? म्हणाले, ‘‘माणूस बरा होता. पण चिठ्ठीला भिला.’’

वर्षातून एक दिवस मात्र सरांच्या हाती काहीच नसतं. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे आमची येळवस. त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखे रस्ते असतात, कारण सगळं गाव शेतात. कार्यक्रम ठेवून उपयोग नाही, भावी आमदारसुद्धा येत नाहीत. हिरव्या हरभऱ्याच्या, गव्हाच्या रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोपी, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली की आंबील रानात शिंपडायची आणि मग जेवण: शेंगा-पालेभाज्या बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली आंबील. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं, ओळख असो वा नसो.

तिथंच सरांची पंचाईत. गुत्तेदार, त्यांचा सालगडी, तहसीलमधले बाबू आणि वाट चुकलेला एक मोटारसायकलवाला, सगळे एका ओळीत, मातीवर, कोण कुठं बसलंय याला क्रम नाही. सरांना ते बघवत नाही. ते उभे राहतात, घसा साफ करतात. ‘‘आजच्या या रम्य प्रसंगी आपल्यात उपस्थित असलेले…’’ मोटारसायकलवाल्याचं नाव विचारून घेतात आणि त्यालाही ‘तितकेच आदरणीय’ लावतात. तो बिचारा हातातला उंडा खाली ठेवून नमस्कार करतो. तेवढ्यात कोपीतून सरांच्या बाईंचा आवाज येतो, ‘‘ओ, बसा की आता खाली. भज्जी गार व्हायलीय.’’ सर म्हणतात, ‘‘वेळेअभावी मी इथंच थांबतो.’’ त्यांना थांबवण्याचा अधिकार या जिल्ह्यात फक्त त्या बाईंना आहे.

सूत्रसंचालकाचे आभार मानायची पद्धत नव्हती. ती सरांनी सुरू केली. आभारप्रदर्शन करणारा पोरसवदा कार्यकर्ता मंडप, लाईट, पत्रकार, पोलीस बंधू असं करत संपवतो आणि सरांना विसरतो, हे त्यांना अनुभवानं ठाऊक झालंय. म्हणून राष्ट्रगीताच्या आधी ते माईक परत घेतात आणि सांगतात, ‘‘या देखण्या कार्यक्रमाचं तितकंच देखणं सूत्रसंचालन अस्मादिकांनी केलं, त्यांचेही आभार.’’

तेव्हा आयोजक मंडळींना एक विनंती. मंडपवाला, सौंडवाला, फ्लेक्सवाला, आचारी, सगळ्यांचे पैसे आपण देतो, घासाघीस करून का होईना. सरांच्या हातात शाल आणि नारळ ठेवतो. त्यांच्या घरी आठवड्यातून चार दिवस खोबऱ्याची चटणी असते. पुढच्या वेळी पाकीट द्या. ते मंडपामागं गुपचूप द्या, मंचावर बोलावून नको. मंचावर बोलावलंत तर त्या सत्काराचं सूत्रसंचालनही तेच करतील, आणि जेवायला चार वाजतील.