मोजपट्टीबाहेरची मावशी

काळजीचा दर्जा मोजता येतो असे मानणाऱ्या शास्त्राचे आद्य आचार्य अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली या मोजणीचे तीन भाग पाडले: रचना, म्हणजे इमारत, साधने आणि मनुष्यबळ; प्रक्रिया, म्हणजे त्या मनुष्यबळाने प्रत्यक्षात काय केले; आणि फलित, म्हणजे ज्याच्यासाठी हे सारे केले त्याचे शेवटी काय झाले. घर आणि शुश्रूषा एकाच छपराखाली देण्याचे आश्वासन देत पुणे आणि परिसरात ज्येष्ठांसाठी ज्या वसाहती उभ्या राहत आहेत, त्यांतील काहींनी या सिद्धान्तात मोलाची भर घातली असून, पहिला भाग पुरेसा चकचकीत केला की उरलेल्या दोहोंची चौकशीच कोणी करत नाही, हे त्यांच्या माहितीपत्रकांनी सिद्ध केले आहे.

रचनेच्या बाबतीत शासनही मागे नाही. बांधकाम प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या महारेरा या प्राधिकरणाने २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. दारे किमान ९०० मिलिमीटर रुंद असावीत, न्हाणीघरात पाय न घसरणारी फरशी आणि आधाराच्या दांड्या असाव्यात, लिफ्टमध्ये चाकाची खुर्ची जावी, अशा अपेक्षा त्यांत आहेत. ही तत्त्वे उपयुक्त आहेत, हे उपहासाच्या सदरात मान्य करणे गैरसोयीचे असले तरी मान्य केले पाहिजे, कारण न्हाणीघरात मोडलेला खुबा ही थट्टेची बाब नव्हे. परंतु प्राधिकरणाचा अधिकार प्रकल्प आणि त्यांतील घरांची विक्री यांच्यापुरता असल्याने, त्या रुंद दारातून खुर्ची ढकलणारे माणूस असेल की नाही, एका माणसाच्या वाट्याला अशा किती खुर्च्या येतील, आणि भाड्याच्या बंगल्यात आठ-दहा खाटा टाकून चालवलेल्या ‘केअर सेंटर’चे काय करायचे, हे प्रश्न त्याच्या मोजपट्टीत बसत नाहीत. खाटेजवळ घंटा असावी असे ठरवता येते. ती वाजल्यापासून मावशी येईपर्यंत किती वेळ जावा, हे ठरवणारा कोणी नाही.

‘मावशी’ ही संज्ञा येथे नात्याने घ्यायची नसून, ब्यूरोमार्फत, म्हणजे माणसे पुरवून त्यांच्या कमाईतला हिस्सा दरमहा कापून घेणाऱ्या कार्यालयामार्फत, बारा तासांच्या पाळीवर येणारी आणि काम बहुधा करता करताच शिकणारी स्त्री, असा तिचा अर्थ होय. माहितीपत्रकात तिचा उल्लेख ‘प्रशिक्षित, सेवाभावी चमू’ असा असतो; सेवाभाव हा शब्द वेतनाच्या जागी वापरण्याची आपल्याकडील परंपरा जुनी असल्यामुळे त्यात कोणास वावगे वाटत नाही. रात्रपाळीला ही चमू अनेकदा एकवचनी होते.

प्रक्रियेचा प्रश्न सर्वांत रंजक होतो तो दरपत्रकात. अमेरिकन वैद्यक सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली वृद्धाचे स्वावलंबन मोजण्यासाठी सहा दैनंदिन क्रिया निश्चित केल्या: आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, अंथरुणातून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि घास तोंडापर्यंत नेणे. यांतील एखादी क्रिया सुटू लागली तर ती परत यावी म्हणून काय करावे, हे ओळखण्यासाठी ही यादी उपयोगी पडते. दरपत्रकात मात्र तिचा उपयोग एवढाच की एकेक क्रिया सुटली की ‘पॅकेज’ एकेक पायरी वर चढते. या व्यवस्थेचा तर्कशुद्ध परिणाम असा की, व्यायाम करून पुन्हा चालू लागलेले आजोबा संस्थेच्या जमाखर्चात तोटा म्हणून उतरतात. त्यामुळे ज्या आजींना हाताला धरून शौचालयापर्यंत नेता आले असते, त्यांना डायपर लावणे हे मनुष्यबळ आणि महसूल या दोन्ही दृष्टींनी श्रेयस्कर ठरते. सवय सुटून काही महिन्यांत ताबा खरोखरच गेला, म्हणजे आरंभीचा निर्णय दूरदृष्टीचा होता हेही आपोआप सिद्ध होते. डायपरचे बिल वेगळे.

हे सर्व तपासायचे कोणी, असा प्रश्न कायद्यालाही पडला होता. ज्येष्ठांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे एक तरी निवासगृह काढण्याची आणि अशा गृहांच्या सेवांचा दर्जा ठरवण्याची मुभा राज्य शासनांना दिली, आणि मुभा दिली म्हणजे ती न घेण्याचीही मुभा आलीच. खासगी गृहांची नोंदणी आणि किमान निकष यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले गेले; ते संमत होण्यापूर्वी २०२४ मध्ये ती लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर निकालात निघाले.

तेव्हा फलिताचा निवाडा उरला तो कुटुंबाकडे. येथे पैसे देणारा आणि सेवा घेणारा हे दोन वेगळे पक्ष असून पहिला बहुधा बाणेरला किंवा न्यू जर्सीला असतो, ही या बाजाराची खरी गोम आहे. म्हणून कोजागिरीचे मसाला दूध, आषाढीची दिंडी आणि वाढदिवसाचा केक यांची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅप गटावर मिनिटामिनिटाला येतात, तर पाठीवरची जखम हा छायाचित्राचा विषय मानला जात नाही. रविवारी व्हिडिओ कॉल होतो. मुलगा विचारतो, “आई, काही त्रास नाही ना?” आजी म्हणतात, “नाही रे, सगळं छान आहे.” या उत्तराच्या प्रामाण्यावर शंका घेण्याचे कारण नाही, फक्त हात थरथरत असल्याने फोन त्यांच्यासमोर धरून मावशी उभ्या असतात आणि मावशींच्या मागे व्यवस्थापक, एवढे ध्यानात ठेवावे. त्यानंतरचा समाधानाचा अर्ज संस्था मुलाच्या ईमेलवर पाठवते, कारण आजींना ईमेल नाही.