ओपन स्पेसचे नाना

खानदेशात 'लॉन' या शब्दाचा गवताशी संबंध लग्नापुरताच. जळगावात किंवा धुळ्यात कुणी 'लॉनवर या' म्हटलं, की ऐकणारा आधी आहेराचं पाकीट शोधतो आणि मग जेवणात वरण-बट्टी आहे का, याची चौकशी करतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळतो, तिथं हौसेपायी हिरवळ पोसणार कोण? त्यामुळे निवृत्तांचे जे खेळ परदेशात लॉनवर चालतात, ते इकडे थेट कॉलनीच्या ओपन स्पेसवर उतरले.

ओपन स्पेस म्हणजे लेआउट पाडताना नियमाप्रमाणे सोडलेली मोकळी जागा. एका कोपऱ्यात देऊळ, दुसऱ्यात बोअरवेल, मध्ये आमदार निधीचा फलक आणि त्या निधीतून आलेली हिरवी-पिवळी व्यायामाची यंत्रं. यंत्रांवर पोरं झोके घेतात. बाकी सगळं क्षेत्र, पहाटे पावणेसहापासून, नानांच्या ताब्यात.

नाना प्रत्येक कॉलनीत असतात. कुठे त्यांना आप्पा म्हणतात, कुठे बापू. भुसावळकडे ते रेल्वेतून निवृत्त झालेले असतात, मग त्यांच्या गळ्यात शिट्टी असते आणि मंडळी दोन मिनिटं उशिरा आली, तरी ती 'लेट रनिंग'मध्ये धरली जातात. जळगावात ते मेहरूण तलावाच्या काठानं चालतात आणि हिवाळ्यात मेहरूणच्या बोरांचे भाव विचारत परत येतात. इथं ज्यांची ओळख करून द्यायची, ते नाना धुळ्याचे. वय शहात्तर. अठ्ठावन्नाव्या वर्षी जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून बाहेर पडले. म्हणजे नियमानं बाहेर पडले. प्रत्यक्षात टेबल तेवढं मागे राहिलं, बाकी कचेरी त्यांच्याबरोबर घरी आली.

पोशाखात डिसेंबरात माकडटोपी आणि एप्रिलपासून डोक्याला ओला पंचा. पायांत मुलानं पुण्याहून पाठवलेले बूट. बुटांची जीभ बाहेर लोंबते, कारण नाना नाडी बांधत नाहीत. वाकण्याचा व्यायाम 'कोष्टकात नाही'. बगलेत मात्र लाल पुठ्ठ्याची लांबट वही. तेच मस्टर.

ओपन स्पेसवरच्या निवृत्तांच्या मंडळाच्या सव्वीस सभासदांनी त्यात रोज सही करायची. सहा वाजून दहा मिनिटांनी नाना वहीखाली रेघ मारतात, त्यानंतर आलेल्याचा लेटमार्क. तीन लेटमार्कांना एक किरकोळ रजा. रजा आधी मंजूर करून घ्यावी लागते. व्हॉट्सअॅपवर चालते, पण अर्जात 'सविनय' हवं.

"कथा व्हतात दोन दिन?" नाना विचारतात.

"पुनाले गयथू, पोऱ्याकडे."

"मुख्यालय सोडण्याची परवानगी?"

यावर सगळे हसतात. नाना हसत नाहीत. मंडळात हास्यक्लबही आहे, आणि ही कल्पना तशी आपल्याकडचीच. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन ती सुरू केली. सुरुवातीला तिथं विनोद सांगत. पंधरवड्यात चांगले विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवाय हसायचं ठरलं. या मंडळात हा टप्पा तिसऱ्याच दिवशी आला, कारण विनोद सांगायचं काम नानांकडे होतं आणि त्यांचे सगळे विनोद लेखापरीक्षणावरचे होते.

चालण्याच्या बाबतीत मंडळात एकदा बंड झालं. एका सभासदाच्या मनगटावर सुनेनं घड्याळ बांधलं आणि ते रोज दहा हजार पावलं मागू लागलं. हा आकडा काही वैद्यकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निघालेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक'. विक्रीसाठी बरा दिसणारा तो आकडा जगभर आरोग्याचा मंत्र होऊन बसला. नानांना हे ठाऊक नव्हतं, पण संशय बरोबर होता. "दहा हजार? कोणत्या जीआरनुसार?" शेवटी ठराव झाला : ओपन स्पेसच्या बावीस फेऱ्या, गुडघा बदललेल्यांना बारा, आणि पेपर वाचत बाकावर बसणाऱ्यांना 'निरीक्षक' म्हणून मान्यता. आता निरीक्षकच नऊ आहेत.

फेऱ्या झाल्या की रिंग. फक्कीनं आखलेलं मैदान, दोन बांबू आणि मच्छरदाणी फाडून केलेलं जाळं. रिंग झेलायची ती एका हातानं, हा मूळ नियम. नानांनी त्याला आठ पोटनियम जोडले. खांदा धरलेल्यानं दोन्ही हात वापरावेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर रिंग एकदा जमिनीवर आपटली तरी चालेल. ऐकायला गंमत वाटते, पण फ्रान्समध्ये पेताँक नावाचा लोखंडी गोळ्यांचा अख्खा खेळ असाच जन्मला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ला सिओता या गावात संधिवातानं धावता येईना अशा एका खेळाडूसाठी नियम बदलला : पाय रोवून उभं राहायचं आणि तिथूनच गोळा टाकायचा. आज तो देशोदेशी खेळतात. अमेरिकेत तर अॅरिझोनाच्या वाळवंटात, जळगावला शोभेल अशा उन्हात, १ जानेवारी १९६० रोजी सन सिटी नावाची निवृत्तांचीच वसाहत उघडली. पहिल्या शनिवार-रविवारी लाखभर माणसं नुसती बघायला आली. त्यांच्याकडे गोल्फ होता. मस्टर असल्याचं ऐकिवात नाही.

मस्टरचं एक काम मात्र कुठल्याच पोटनियमात नाही. कोपऱ्यातल्या बंगल्यात एक निवृत्त शिक्षक एकटे राहतात. बायको गेली, दोन्ही मुलं बाहेरगावी. ते लागोपाठ दोन दिवस आले नाहीत की नाना साडेसातला त्यांच्या फाटकाशी हजर. "रजेचा अर्ज न्यायला आलो." मग आत जाऊन चहा स्वतःच टाकतात, गोळ्यांची पट्टी उजेडात धरून किती उरल्यात ते मोजतात, आणि निघताना रागानं सांगतात की अर्ज उद्यापर्यंत आलाच पाहिजे.

वर्षातून एकदा ट्रेक. पाटणादेवीला गेले, तेव्हा कुणीतरी चांगदेवाच्या शिलालेखाची गोष्ट सांगितली. भास्कराचार्यांच्या या नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाची नोंद बाराशेच्या सुमाराला दगडावर कोरली गेली आणि पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ती उजेडात आणली. बाकीचे गणिताचं कौतुक करत राहिले. नाना एवढंच म्हणाले, "अनुदान मंजूर झालं आणि ऑर्डर दगडावर! फाईल गहाळ व्हायची सोयच नाही."

या जानेवारीत लळिंग ठरलं. फारुकींच्या काळापासूनचा हा किल्ला धुळ्याहून मुंबईच्या बाजूला दहाएक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याच्या अगदी कडेला. जवळच्याच लांडोर बंगल्यात १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मुक्काम होता; ३१ जुलैला तिथं अजून गर्दी लोटते. चढ फार नाही, तरी निम्मे सभासद पायथ्याच्या जुन्या महादेव मंदिराचं 'सखोल निरीक्षण' करत थांबले. नाना वर गेले. टाकं पाहिलं, खाली मुंगीसारखे सरकणारे ट्रक पाहिले आणि वहीत 'पाहणी केली' असं लिहून उतरले. मग भरीत-पुरी. वांगी खास बामणोदची, घरून भाजून, ठेचून आणलेली.

पण मंडळाची खरी उतरंड उघड झाली ती जातानाच, एसटीत. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२च्या ऑगस्टपासून प्रवास फुकट, पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट. त्यामुळे सेवाज्येष्ठता यादी कंडक्टरच लावून देतो. शून्य रुपयाचं तिकीट मिळणारे खिडकीशी, अर्धेवाले त्यांच्या मागे. चौऱ्याहत्तर वर्षं दहा महिने झालेले एक काका आधारकार्ड पुन्हापुन्हा बघत होते.

सगळ्यात शेवटी भाऊसाहेब. डिसेंबरअखेर निवृत्त झालेले कार्यकारी अभियंता, वर्ग एक, वय अठ्ठावन्न. मंडळात नवे. सोबत सौभाग्यवती.

"एक फुल, एक हाफ," कंडक्टर म्हणाला.

"हाफ कुणाचं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"वहिनींचं. दोन हजार तेवीसपासून बायकांना अर्धं. तुमचं पूर्ण."

नानांनी आपलं शून्याचं तिकीट वहीत जपून ठेवलं आणि मागे वळून न बघता भरिताचा डबा भाऊसाहेबांकडे दिला. भाऊसाहेबांनी तो मांडीवर घेतला आणि मागच्या सीटवर, चाकावरच्या उंचवट्यावर पाय ठेवून, लळिंगपर्यंत सांभाळला.