तिकिटाचे दाते कसे मोजावेत?

(नवशिक्यांसाठी. जाणकारांनी पान उलटावे.)

मंडई करून आल्यावरच या कामाला बसावे. आधी बसलात तर भाजी येत नाही.

साहित्य थोडके आहे: एक तिकीट, चपट्या टोकांचा चिमटा, भिंग, काळा कागद आणि परफोरेशन गेज नावाची पट्टी. काळा कागद नसल्यास वांग्यावर भागवू नये, ते गोल असते. पहिल्या सरावाला महात्मा फुल्यांचे 25 पैशांचे तिकीट घ्यावे. ते 28 नोव्हेंबर 1977 ला निघाले. 1886 मध्ये रे मार्केट म्हणून उघडलेल्या पुण्याच्या मंडईला आता त्यांचेच नाव आहे. शिवाय मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याला आठ कडा, तिकिटाला चारच. म्हणजे निम्मे काम वाचले.

दाते म्हटल्यावर पंचांग आठवणाऱ्यांसाठी खुलासा: इथले दाते म्हणजे तिकीट फाडल्यावर कडेला उरलेली टोके. दोन सेंटिमीटरमध्ये जितकी भोके, तितका गेज. हे माप 1866 मध्ये पॅरिसच्या लग्रां नावाच्या डॉक्टरांनी काढले. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी नसावी.

आता तिकीट काळ्या कागदावर ठेवावे, वर पारदर्शक पट्टी ठेवून ती सावकाश सरकवावी. सगळी भोके खुणांवर बसली की तिथला आकडा वाचावा. सगळी म्हणजे सगळी. पहिली तीन बसली म्हणून आनंदाने हाक मारू नये, घरात कोणी येत नाही. आधी आडवी कड, मग उभी. '14 × 13½' म्हणजे आडवे चौदा, उभे साडेतेरा. एकच आकडा असेल तर चारी बाजू सारख्या. स्वित्झर्लंडात छापलेली 1948 ची गांधीजींची तिकिटे अशी, चहूकडून साडेअकरा.

अर्ध्या भोकाने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी मंडईत पावशेर मिरचीत दोन मिरच्या कमी घेऊन दाखवाव्यात. चित्र तेच, रंग तोच, पण भोके पाडणारे यंत्र बदलले की प्रकार बदलतो आणि कधी कधी किंमतही. इंग्लंडात 1854 मध्ये तांबड्या पेनीला सोळाच्या मापाने भोके पाडली, तर ताव हातातच सुटू लागले. पुढच्याच वर्षी ते चौदावर आले. म्हणजे साहेबालाही एकदम जमले नव्हते.

बिनदात्यांच्या तिकिटाचे मात्र वेगळे. 1852 चे सिंध डाक किंवा 1854 चे निळे अर्धा आणा यांना मुळातच भोके नव्हती, कात्रीनेच कापायची. पुढे दात्यांच्या छपाईत एखादा ताव भोके न पाडता सुटला, तर त्याला चांगला भाव येतो. मग कोणीतरी साध्या तिकिटाचे दाते भादरतो आणि ते दुर्मीळ म्हणून नवशिक्याला विकतो. माझ्याकडे असे एक आहे. म्हणून बिनदाती घ्यायचे तर जोडीनेच घ्यावे, मधली जागा सलग दिसली पाहिजे. कोथिंबिरीची जुडी सोडून बघता, तसेच.

शेवटची सूचना. मिरच्या निवडलेल्या हाताने भिंग पुसून डोळ्याला लावू नये. मी लावले होते. त्या दिवशीचा गेज अजून मोजायचा राहिला आहे.