कापसाची खोली

वऱ्हाडात दिवाळी आली की घर आणि कापूस यांच्यात जागेवरून एक मुका तंटा सुरू होतो. पहिला वेचा मधल्या घराच्या कोपऱ्यात मावतो, दुसऱ्याला अख्खं मधलं घर लागतं, आणि भाव वाढायची वाट पाहता पाहता फरदडीपर्यंत कापूस थेट देवघराच्या उंबऱ्याशी येऊन टेकतो. अकोटकडच्या आमच्या घरी माणसं अंग खाजवत सपरीत निजायची आणि आत कापूस जावयासारखा पाय पसरून. जागा पुरेनाशी झाली की आई गाठोडी बांधायची आणि सगळा ढीग पलीकडच्या खोलीत.

अमरावतीला इंजिनिअरिंग शिकून पुण्यात प्रोग्राम लिहिणारा भाचा म्हणाला, “मामाजी, मेमरीतही असंच असते.” सी भाषेत जागा वाढवायला ‘रिअलॉक’ म्हटलं की शेजारी मोकळी जागा आहे का, हे आधी पाहिलं जातं. नसली, तर दुसरीकडे मोठी खोली घ्यायची, माल तिकडे वाहायचा, जुनी सोडून द्यायची. जुना पत्ता धरून बसलेला प्रोग्राम मग परक्याच्या खोलीत हात घालतो. दरवेळी एकेकच जागा वाढवत हजार वस्तूंपर्यंत गेलो, तर ४,९९,५०० वेळा उचलठेव होऊ शकते; दरवेळी दुप्पट जागा घेतली तर फार तर १,०२३ वेळा. कधी अर्धी खोली रिकामी राहते खरी, पण रिकाम्या खोलीचं दुःख आम्हाला कधी लाभलंच नाही.

खरी गंमत मोठ्या ढिगांची. लिनक्सवर साधारण १२८ किलोबाइटच्या पुढचा तुकडा सहसा वेगळा मागून घेतात, आणि तो वाढवायचा झाला तर ‘एमरिमॅप’ला हाक मारतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा मेमरी सांभाळणारा गाभा, माल उचलतच नाही. मेमरी बहुधा ४,०९६ बाइटांच्या पानांत विभागलेली. कुठलं पान कोणत्या पत्त्यावर, याची वही त्याच्याकडे. तो वहीतला पत्ता तेवढा बदलतो. कापूस जागच्या जागी, खोली मात्र नवी! मला हे तलाठ्याच्या फेरफारापेक्षाही अद्भुत वाटलं.

आई तूर निवडत सगळं ऐकत होती. गाठोड्यांनी वाकलेली तिची पाठ आता सरळ होत नाही. म्हटलं, हळहळेल.

“हालवलंच नाही, तं खालची झाडझूड कवा होते?” तिनं विचारलं.

भाचा जरा थबकला. “होते ना आजी. गरज पडली का कर्नल पानं इकडची तिकडं सरकवते, जागा मोकळी करते. गुपचूप. कोणाले पत्ता लागत नाही.”

“मंग ते बाईच असंन,” आई म्हणाली आणि सूप पाखडू लागली.