महाराणींचा शृंगार अजून आटोपलेला नाही

मराठी ऐतिहासिक कादंबरीतल्या नायिकेला पहिल्याच पानावर आरसा लागतो. घोडा असतो तो मुखपृष्ठावर. महाराणी ताराबाईंवरची अशीच एक जाडजूड कादंबरी नुकतीच वाचून हातावेगळी केली. पुढे उगारलेली तलवार, मागे ‘स्त्रीमनाचा हळुवार वेध’. हळुवार! औरंगजेबाला हे आधी कळलं असतं तर बिचाऱ्याने एवढा जिवाला घोर लावून घेतला नसता.

पहिलं प्रकरण साजशृंगाराचं. नथ, चिंचपेटी, वाकी, मग दासीने केलेली थट्टा, मग लाजणं. नायिका सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक आहे, हे सांगितलं जातं, पण माहेर आठवून रडता यावं एवढ्यापुरतंच. 1700 च्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले. ताराबाई तेव्हा ऐन पंचविशीत. चार वर्षांच्या मुलाला गादीवर बसवून त्यांनी पुढची सात वर्षं बादशहाशी झुंज दिली. कादंबरीत या सात वर्षांच्या वाट्याला आलेल्या पानांत शब्दांपेक्षा टिंबं जास्त. सातारा पडतो, नायिका डोळे टिपते. पन्हाळा पडतो, पुन्हा टिपते. विशाळगडापर्यंत पदर पिळायची वेळ येते. मसलत अमात्य आणि सेनापती करणार, हिने पडद्याआडून हुंकार द्यायचा. एकदाच काय तो हिला डाव सुचतो, तोही भवानी स्वप्नात येऊन सांगते म्हणून.

खरा प्रकार भलताच रंगतदार होता. बादशहाने महिनोन्‌महिने गडाला वेढा घालून बसायचं, मराठ्यांनी होईल तितका गड लढवायचा, मग पैसे मोजून घेऊन खाली उतरायचं आणि संधी साधून तोच गड परत घ्यायचा. तेवढ्यात मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात धुमाकूळ घालून येत. खाफीखान हा मोगलांचा इतिहासकार, मराठ्यांवर दात धरून असलेला. त्यानेही ताराबाईंची हुशारी आणि राज्यकारभारातली, लष्करातली त्यांची जाण मान्य केली आहे. शत्रूच्या गोटातल्या माणसाला दिसली ती बाई आमच्या लेखकाला दिसू नये, ही कमाल आहे.

सवतीमत्सरही आहे, तो शालूवरून. खऱ्या सवतीला शालूत रस नव्हता. राजसबाईंनी 1714 मध्ये पन्हाळ्यावर थेट सत्ताच उलथवली, आपल्या मुलाला गादीवर बसवलं आणि ताराबाईंना मुलासकट कैदेत टाकलं. एवढं आयतं नाट्य हाताशी असताना लेखक दोघींना शालूवरून भांडायला लावतो!

अर्थात, 1714 कादंबरीत येतच नाही. 1707 मध्ये बादशहा नगरला मरतो, शाहू सुटून येतो आणि लेखकाला घाई होते. ताराबाई त्यानंतर 54 वर्षं जगल्या. त्यांची वासलात दीड पानाच्या उपसंहारात. केस पिकलेल्या बाईच्या मनाचा हळुवार वेध कोण घेणार? मग 1750 मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात, छत्रपती रामराजालाच साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडणारी बाई वाचकाला कळणार कुठून? हा माझा नातू, म्हणून रामराजाला त्यांनीच पुढे आणलं होतं. पुढे जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन, तो माझा नातू नव्हेच, हेही त्यांनीच सांगितलं. नानासाहेब पेशव्यांना त्यांनी जेरीस आणलं आणि पानिपतानंतर पेशवे गेले तरी बाई होत्याच. त्या वारल्या 1761 च्या डिसेंबरात. ही बाई प्रेमळ नव्हती, हट्टी होती, कारस्थानी होती, क्वचित सरळसरळ चुकलीही. पण साडेपाचशे पानांत एकदाही कंटाळवाणी झाली नसती.

तेव्हा वाचकहो, ग्रंथप्रदर्शनात ताराबाईंवरची कादंबरी हाती आली तर तलवारीला भुलू नका. पानं चाळा, 1714 शोधा, जेजुरी शोधा. नसेल तर पुस्तक होतं तिथे ठेवून द्या. पैसे वाचतील.