सोमवारपर्यंत पक्षितज्ज्ञ

शुक्रवार संध्याकाळपर्यंत ज्याला कावळा, चिमणी आणि ताटातली कोंबडी यापलीकडे पक्षिसृष्टी ठाऊक नाही, त्याने सोमवारी ऑफिसात चहा ढवळत ‘यंदा पट्टकादंब जरा उशिराच आले’ असे म्हणावे, एवढेच या मार्गदर्शनाचे उद्दिष्ट आहे. मार्ग पुण्याहून आखला आहे. शनिवारी पहाटे भिगवण, रात्री जवळपासच्या एखाद्या गावात भजन, रविवारी बारामतीवरून सुपे, मोरगाव, जेजुरी, सासवड आणि दिवे घाटाने घरी. मुंबईकरांनी गुरुवारीच निघावे.

आधी दुर्बीण. दुकानदार वीस पटींची दाखवील, भुलू नये. हलत्या होडीत वीस पटींनी मोठी दिसते ती फक्त आपल्या हातांची थरथर. 8 बाय 42 ची घ्यावी आणि कोणी विचारलेच तर ‘तीच बरी पडते’ एवढेच म्हणून गप्प बसावे. कपडे मिलिटरी छापाचे हवेत, म्हणजे पक्ष्यांना आपण दिसत नाही. त्यावर होडीवाला भडक नारिंगी लाइफ जॅकेट चढवतो, तो भाग वेगळा. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ दिवाणखान्यात येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवावा. सोबत नेऊ नये, कारण नेल्यास उघडावा लागतो.

मुहूर्ताचा प्रश्न नाजूक आहे. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. पहिला दिवस चितमपल्लींच्या वाढदिवसाचा, शेवटचा सलीम अलींच्या. या आठवड्यात पक्ष्यांवर भाषणे भरपूर होतात, पण ज्यासाठी आपण निघालो तो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, भिगवणला बहुधा नसतो. त्याचे कारण पंचांगात सापडत नाही, पाटबंधारे खात्याच्या आकड्यांत सापडते. भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्याच्या उथळ काठावर रोहित येतो तो चिखलासाठी. चोच उलटी करून, डोके खाली घालून तो त्या चिखलपाण्यातून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. धरण तुडुंब असेल तर चिखल कुठला? म्हणून खऱ्या निसर्गप्रेमीने पावसाळ्यानंतर रोज पेपरात उजनीची टक्केवारी पाहावी. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी आणि त्यातला सुमारे 64 टीएमसी मृत, त्यामुळे हे धरण उन्हाळ्यात शून्याच्याही खाली, ‘मायनस’मध्ये जाते. सोलापूर जिल्ह्यातला ऊसवाला ‘उजनी मायनस’ हा मथळा वाचून कपाळाला हात लावतो. आपण त्याच मथळ्यावर हॉटेलाचे बुकिंग करावे. हा आनंद मात्र भिगवणच्या चहाच्या टपरीवर मोठ्याने बोलून दाखवू नये.

होडीत बसल्यावर नावाड्याला ‘दादा’ म्हणावे. तो आपल्याला ‘सर’ म्हणेल. त्याचा बाप मासेमारी करायचा, तो स्वतःही करतो, आणि हिवाळ्यात आपल्यासारख्यांना पक्षी दाखवतो. अडचण एवढीच, की त्याला सगळी नावे इंग्रजीत पाठ असतात.

“ते बघा सर, बार हेडेड गूज. हिमालयावरून येतंय.”

“पट्टकादंब,” आपण सौम्यपणे दुरुस्ती करावी.

“हां, तेच. आता उजवीकडं पेंटेड स्टॉर्क.”

“चित्रबलाक.”

“बरं,” तो म्हणेल आणि बांबू चिखलात रोवून होडी पुढे ढकलेल. तिसऱ्या दुरुस्तीनंतर तो नावे सांगणे थांबवतो आणि आपल्याला खरोखरच काही ओळखता येत नाही हे होडीतल्या सर्वांना कळते. तेव्हा दुरुस्त्या दोनच कराव्यात. काठच्या गवतात काहीतरी बारीक, तपकिरी फुर्रकन हलले तर ठामपणे ‘वटवट्या’ म्हणावे. वटवट्याच्या जाती इतक्या आणि दिसायला इतक्या सारख्या, की सोबत खरा जाणकार असेल तर तोही क्षणभर विचारात पडतो. तेवढ्यात विषय बदलावा.

आता फोटो. रोहित उडाला की पंखांतला लाल-काळा भडका दिसतो आणि फोटो त्याचाच हवा असतो. म्हणून होडीतला कोणीतरी ‘दादा, जरा जवळ घ्या, उडवा ना एकदा’ म्हणतोच. थवा उडाला की चरायचा तो उठतो, पुन्हा दूर जाऊन बसतो, आणि दिवसभरात अशा दहा होड्या आल्या तर त्याचे पोट काही भरत नाही. अनुभवी नावाडी यावर भाषण करत नाही. त्याचा बांबू नेमका त्याच वेळी चिखलात अडकतो. तो बराच वेळ ओढतो, कपाळ पुसतो, ‘लई रुतलाय सर’ म्हणतो. तोवर थवा चरत चरत शंभर हात पुढे गेलेला असतो. या बांबूबद्दल आपण काही शंका घेऊ नये.

परतताना विचारू नये असा एक प्रश्न आहे: ‘दादा, तुमचं मूळ गाव कुठलं?’ धरणाच्या पाण्यात गावेच्या गावे गेली. पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर पाणी फार उतरले की वर येते आणि लोक होड्या करून ते बघायला जातात. नावाडी बांबूचे टोक पाण्याकडे करून ‘हितंच’ म्हणाला, तर आपल्याला पुढे काय बोलावे ते सुचत नाही. मार्गदर्शकालाही सुचलेले नाही.

दुपारी जेवणात चिलापी मागवावी. मूळची ही आफ्रिकेची, आपल्या देशात 1952 साली आणलेली, आणि आता भिगवणच्या ताटात भाकरीशेजारी अशी पडलेली असते, की तिला परदेशी पाहुणी म्हणायची कोणाची छाती नाही. पाहुण्या पक्ष्यांच्या यादीत ती धरू नये.

संध्याकाळी संगीत. त्यासाठी तिकीट नाही, आसनक्रमांक नाही आणि वेळेची हमी नाही. हिवाळ्याच्या दिवसांत एखाद्या तरी गावात अखंड हरिनाम सप्ताह बसलेला असतोच. रस्त्याकडेच्या कर्ण्यांवरून दिशा काढत जावे. देवळात शिरल्यावर पहिली चूक होते ती वीणेशी. एक गृहस्थ गळ्यात वीणा अडकवून उभे असतात. त्यांना ‘काका, बसा ना, दमला असाल’ म्हणू नये. सात दिवस, सात रात्री ती वीणा जमिनीला टेकवायची नसते. भिंतीवर पहाऱ्यांची यादी लावलेली असते, कोण किती ते किती. पहाटेच्या पहाऱ्याला बहुधा तरण्या पोरांची नावे सापडतात, कारण यादी म्हाताऱ्यांनी केलेली असते. पाळी संपली की वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि पहिला माणूस चप्पल शोधत बाहेर येतो. बस्स, एवढेच. टाळ्या वाजवू नयेत.

पखवाज्याकडे मात्र जरूर पाहावे. तो प्लास्टिकच्या पिशवीतून मळलेल्या कणकेचा गोळा काढतो, पाण्याचा हात लावतो आणि डाव्या पुडीवर थापत जातो. थाप मारून ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा ऐकतो. खर्ज मनासारखा लागेपर्यंत पेटीवाला, गाणारा, सारे गाव थांबते. पाहुण्यांपैकी एखादी बाई हळूच ‘ही पुरीची कणीक का?’ विचारते. हो, तीच.

मग आपल्या हातात टाळ येतो. नको म्हणून उपयोग नसतो. वारकरी टाळ वजनदार असतो, दोरी बोटांना गुंडाळायची असते आणि पंधरा मिनिटांत तर्जनी लाल होते. शहरी माणसाचा टाळ सुरुवातीला पाऊण मात्रा मागे पडतो. त्याला कोणी हसत नाही. शेजारचा म्हातारा आपल्याकडे न बघता गुडघ्याने आपल्या गुडघ्यावर ठेका देऊ लागतो, आणि चाल द्रुत झाली की त्या गुडघ्याचा जोरही वाढतो. सरळ त्याच्याच हवाली व्हावे. यूट्यूबवर याहून चांगला वर्ग मिळणार नाही. मोबाइलवर चित्रीकरण करायचे तर दोन्ही हात मोकळे लागतात, टाळ वाजवायला तेच दोन हात लागतात. हा पेच गावाने मुद्दाम घातला असावा अशी मला दाट शंका आहे. तासाभरापूर्वीचे ‘साहेब’ पंगतीला बसेपर्यंत ‘माऊली’ झालेले असतात. आमटी-भात वाढणारा पुन्हा आला की पानावर हात आडवा धरावा. तरीही तो वाढतोच.

रविवारी बारामती ओलांडताना मोरोपंतांचे स्मरण करावे. याच गावात राहून 108 रामायणे रचणाऱ्या पंतांपुढे आपली बेचाळीस पक्ष्यांची यादी, तीही निम्मी नावाड्याची, फार काढून दाखवू नये.

सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5 चौरस किलोमीटरचे आहे. गाडीतून उतरताच कोणीतरी ‘इथे तर काहीच नाही, झाडं लावायला हवीत’ म्हणतो. त्याला परत गाडीत बसवावे. चिंकारा, चंडोल, धाविक यांना हा गवताळ माळच लागतो. दाट झाडी लावली तर त्यांनी जायचे कुठे? चिंकारा दिसतो तो बहुतेक पाठमोरा. तेवढा पुरतो.

मोरगावला दर्शन घ्यावे. जेजुरीत पायऱ्या चढण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत आणि पिशवी दुसऱ्या पिशवीत ठेवावी, कारण भंडारा कोठेही शिरतो आणि लेन्समधून तो निघाल्याचे ऐकिवात नाही. वाघ्या-मुरळीने दिमडीवर गाणे धरले तर पाकिटातून नोट आधी काढून ठेवावी आणि गाणे संपेपर्यंत उभे राहावे. अर्ध्यात ‘छान छान’ म्हणून सरकणाऱ्यांना मल्हारी बघून घेईल.

सासवडवरून येताना रस्त्याकडेला पुरंदरचे अंजीर आणि सीताफळे मिळतात, ज्याचा त्याचा हंगाम असेल तर. खाली उतरताना टोपी काढावी, मिलिटरी छापाचे जाकीट काढावे आणि दुर्बीण न विसरता सीटखाली ठेवावी. गळ्यात दुर्बीण दिसली की अंजिराचा भाव वाढतो, आणि मग घासाघीस करताना पट्टकादंबाचा काहीही उपयोग होत नाही.