लॉबीतले टेबल कसे ओलांडावे : नव्या भाडेकरूंसाठी प्राथमिक धडे

मुंबई-पुण्यातल्या टॉवरमध्ये भाड्याने राहायला आलात, अभिनंदन. करारनामा नोंदवून झाला, पोलिस व्हेरिफिकेशन झाले, डिपॉझिट गेले. आता फक्त घरी जायचे राहिले. वाटेत लॉबीतले टेबल आहे, आणि टेबलामागे सिक्युरिटी सुपरवायझर.

आधी कान तयार करा. चेअरमनसाहेबांची गाडी वळली की खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येतो. फ्लॅटमालकाला बसल्या बसल्या ‘नमस्ते सर’. भाडेकरूला ‘ओ, किधर?’ घरकामाच्या मावशींसाठी त्यातला ‘ओ’ गळतो आणि जाताना पिशवी उघडून दाखवावी लागते. जेवण घेऊन आलेल्या पोराच्या वाट्याला शब्दही नाही, नुसते बोट, सर्व्हिस लिफ्टकडे. या उतरंडीत आपण मधल्या पायरीवर आहोत हे कळले की अपमान निम्मा सुसह्य होतो. (मावशींचा होत नाही, पण हे धडे त्यांच्यासाठी नाहीत. त्यांना ते तोंडपाठ आहेत.)

पहिला सराव रजिस्टरचा. समजा, तुमचे वडील साताऱ्याहून रात्रीच्या एसटीने आले. एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्यात लोणच्याची बरणी. ‘ओ काका, घुसताय कुठं? एंट्री करा आधी!’ पेन सुतळीने टेबलाला बांधलेले असते आणि सुतळी एवढी आखूड, की लिहिणाऱ्याला वाकावेच लागते. वडील वाकतात. नाव, गाव, मोबाइल, फ्लॅट नंबर. ‘काम’ या रकान्यात ते ‘मुलगा’ असे लिहितात. ‘ये क्या काम हुआ?’ सुपरवायझर सगळ्या लॉबीला ऐकू जाईल असे विचारतो आणि इंटरकॉम लावतो. इंटरकॉम बंद असतो. तो बंद आहे हे त्याला ठाऊक असते.

अशा वेळी ‘मी कोण आहे माहीत आहे का?’ असे चुकूनही विचारू नका. त्याला नेमके माहीत असते. तुम्ही ११०४ चे भाडेकरू आहात.

चिडल्यास कायदा वाचावा. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांनुसार रक्षकाला किमान १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यायचे होते, आणि लोकांशी कसे वागावे हा त्या अभ्यासक्रमातलाच विषय होता. हे टेबलाशी जाऊन सांगून बघा. फार तर खुर्ची तुमच्याकडून दुसरीकडे फिरेल. बारा तासांची ड्यूटी, सुट्टी घेतली की पगार कापलेला, आणि वर सेक्रेटरीबाईंचा ग्रुपवर मेसेज : ‘अनोळखी माणूस आत आलाच कसा? सिक्युरिटी झोपते का?’ हा मेसेज सकाळी सातचा असेल, तर तुमचे वडील आठला आले एवढेच त्यांचे चुकले. सुपरवायझर ओरडतो ते त्याच्या तोंडाने. मजकूर वरच्या मजल्यावरचा असतो. म्हणून त्याच्याशी भांडून जिंकलात तरी हाती काही लागत नाही. उद्या एजन्सी माणूस बदलेल, सुतळी तीच राहील.

त्याने शिवीगाळच केली, तर पोलिसांकडे जाता येते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५२ भांडण पेटावे म्हणून मुद्दाम केलेल्या अपमानासाठी आहे. गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे एनसी लिहून घेतात आणि ‘सोसायटीत मिटवा’ असे सांगून घरी पाठवतात. घरी जायला पुन्हा टेबल ओलांडावे लागते.

उरला लेखी तक्रारीचा धडा. तारीख, वेळ आणि वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा; ‘उद्धट वर्तन’ एवढ्यावर कुणी हलत नाही. एक प्रत ठेवा, दुसरीवर पोच घ्या. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार तक्रारीवर समितीने पुढच्या सभेत निर्णय घ्यायचा आणि पंधरा दिवसांत कळवायचा असतो. मात्र हा हक्क सभासदाचा, भाडेकरू सभासद नव्हे. तेव्हा अर्जावर मालकाची सही हवी. मालक न्यू जर्सीत. तो फोनवर म्हणेल, ‘अहो, कशाला वाईटपणा घेता? पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे ना?’

तरीही सही मिळवलीत, तर उत्तर नक्की येते. ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. सिक्युरिटीस योग्य त्या सूचना दिल्या आहेत. तथापि पाहणीदरम्यान आपल्या दाराबाहेर चपलांचे कपाट आढळले. दंड रुपये ५००. भरणा लॉबीतील टेबलावर, सकाळी ११ ते १. सुटे आणावेत.’